१०८ च्या गाडीतून आयसीयूत

आमच्या घरात आजवर दोनच प्रकारची माणसं झाली, मास्तर आणि बँकवाले. त्यामुळे होळकर सायन्स कॉलेजातून बी.एस्सी. झाल्यावर २०१२ मध्ये मी १०८ च्या अ‍ॅम्ब्युलन्सवर नोकरी धरली, तेव्हा सगळ्यांनी ते हौसेचं काम समजून सोडून दिलं. पोरगा वर्षभर फिरेल, मग बँकेच्या परीक्षा देईल, असा बाबांचा हिशेब होता. चार वर्षांनी मी गाडी सोडून नर्सिंगला प्रवेश घेतो म्हणालो, तेव्हा मात्र घर गंभीर झालं. आजी म्हणाली, "अरे, म्हणजे तू सिस्टर होणार?" ती थट्टा करत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं.

हल्ली मंडळातली मुलंमुली मला या दोन्ही कामांबद्दल विचारतात. कुणाला अ‍ॅम्ब्युलन्सचं आकर्षण असतं, कुणाला नर्सिंग करून परदेशी जायचं असतं. दोन्हींत नेमकं काय करावं लागतं आणि एकातून दुसऱ्यात जाताना काय बदलतं, ते एकदा नीट लिहून काढावं म्हणून हा लेख.

गाडीतलं काम

१०८ ही सेवा २००५ मध्ये हैदराबादेत सुरू झाली आणि २००९ मध्ये मध्य प्रदेशात आली. गाडीत दोन माणसं असतात. चालवणाऱ्याला ड्रायव्हर म्हणत नाहीत, पायलट म्हणतात. मागे रुग्णाजवळ असतो तो ईएमटी. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ च्या गाड्यांवर डॉक्टर नेमले गेले. आपल्याकडे मागे ईएमटीच असतो आणि अडलं तर कॉल सेंटरवरच्या डॉक्टरला फोन लावून विचारतो. म्हणजे धावत्या गाडीत रुग्णाजवळ आपण एकटेच.

काम थोडक्यात सांगायचं तर असं. श्वासाचा मार्ग मोकळा आहे का ते पाहायचं. तोंडात रक्त किंवा उलटी असेल तर सक्शनने काढायची. ऑक्सिजन लावायचा. वाहतं रक्त दाबून धरायचं. मान हलू नये म्हणून कॉलर लावायची, पाठीला धक्का न लावता स्कूपवर घ्यायचं. श्वास पुरेसा नसेल तर अंबू बॅग हातात घ्यायची आणि रुग्णालय येईपर्यंत दाबत राहायची. सांवेर किंवा देपालपूरकडच्या गावांतून येताना बाळंतपण गाडीतच झालं, तर तेही करायचं.

इंदूरच्या गाडीवरच्या माणसाला शहराचा नकाशा पाठ असतो. संध्याकाळी राजवाड्याच्या बाजूला कुठून आत शिरायचं, पलासियावर कुठे अडकायला होईल, हे पायलटला विचारावं लागत नाही. २०१३ मध्ये ए.बी. रोडवर बीआरटीएसची मार्गिका सुरू झाली, तिचा आम्हाला मोठा आधार होता. मुंबईच्या रस्त्यावर मानपूरपुढे घाट लागतो. तिथे उतारावर ट्रकचे ब्रेक निकामी झाल्याचा कॉल आला की एका गाडीने भागणार नाही, हे आधीच माहीत असे. माझा पायलट अस्सल इंदुरी. मागून मी काही ओरडलो की एकच म्हणायचा, "भिया, तुम पीछे देखो, आगे मैं देख रहा हूँ." चार वर्षं आमची कामाची वाटणी याच एका वाक्यावर चालली.

सही झाली, पुढे काय?

या कामाला एक ठरलेला शेवट असतो. रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत रुग्ण द्यायचा, कागदावर सही घ्यायची, स्ट्रेचर धुवून पुसून परत गाडीत टाकायचं आणि पुढचा कॉल घ्यायचा. रुग्ण जिवंत पोचवला की आपलं काम यशस्वी. तो पुढे जगला का, चालू लागला का, घरी गेला का, हे आपल्याला कळत नाही. नियमाप्रमाणे ते कळण्याची गरजही नसते.

पहिली दोन वर्षं मला याचं काही वाटलं नाही. पुढे वाटू लागलं. एकदा बायपासवरून साधारण एकोणीस वर्षांचा मुलगा आणला होता, डोक्याला मार. पूर्ण रस्ताभर मी त्याची बॅग दाबत होतो. चार दिवसांनी सुटीच्या दिवशी त्या रुग्णालयात गेलो. दारावरच्या गार्डने विचारलं, "आप उनके कौन हैं?" त्याचं बरोबर होतं. मी त्याचा कुणीच नव्हतो. आतून निरोप आला की माहिती फक्त नातेवाइकांना मिळेल. त्या मुलाचं काय झालं, ते मला आजही माहीत नाही.

घरी येताना एक गोष्ट लक्षात आली. आपण जिथे रुग्ण सोडतो, तिथे कुणाचं तरी काम सुरू होतं. त्या कामाबद्दल आपल्याला काहीच ठाऊक नाही. ते शिकावं, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

पहिल्या इयत्तेपासून

अनुभव आहे तर एखादं वर्ष कमी होईल, अशी माझी समजूत होती. चौकशी केल्यावर कळलं की तसं काही नसतं. अमेरिकेत पॅरामेडिकना नर्स होण्यासाठी वेगळे ब्रिज अभ्यासक्रम आहेत. आपल्याकडे ईएमटी आणि नर्सिंग यांच्यामध्ये असा पूल नाही. नर्सिंगचं शिक्षण इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमांनी चालतं, त्या कौन्सिलचा कायदा १९४७ चा आहे. पॅरामेडिकसह इतर आरोग्य व्यवसायांसाठी केंद्राचा कायदा आला तो थेट २०२१ मध्ये. दोन्ही वाटा वेगळ्या आखलेल्या आहेत. त्यामुळे सव्विसाव्या वर्षी मी जीएनएमच्या पहिल्या वर्षाला बसलो. वर्गातली बरीच मुलं नुकती बारावी झालेली होती. ती मला सुरुवातीला 'सर' म्हणायची.

गंमत म्हणजे काही देशांत वाट अगदी उलटी आहे. नेदरलँड्समध्ये अ‍ॅम्ब्युलन्सवर जाणारा माणूस आधी नर्स असतो आणि बहुधा आयसीयू किंवा इमर्जन्सीत मुरलेला असतो. स्वीडनमध्येही अ‍ॅम्ब्युलन्सवर नोंदणीकृत नर्स असावी लागते. तिथे आधी आतलं काम येतं, मग बाहेर धाडतात. मी उलट्या बाजूने आलो.

घरचा विरोध पैशांवरून कमी आणि शब्दावरून जास्त होता. 'नर्स' म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे बाईच येते. काकांनी स्पष्ट विचारलं, "लग्नाच्या वेळी बायोडाटात काय लिहायचं?" बाबा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "फी कधी भरायची आहे?" आमच्या घरात होकार असाच येतो. पुढे केंद्र सरकारने स्टाफ नर्सचं पदनाम बदलून 'नर्सिंग ऑफिसर' केलं, तेव्हा काका म्हणाले, "हे आधीच करायला पाहिजे होतं." वॉर्डात मात्र पुरुष नर्सला सगळे 'ब्रदर'च म्हणतात, आणि मला ते आवडतं.

पळायचं नाही, पाहायचं

२०१९ मध्ये मी आयसीयूत लागलो. पहिल्या आठवड्यात आमच्या इन-चार्ज सिस्टर म्हणाल्या, "ब्रदर, यहाँ भागना नहीं है, देखना है." हे काम कळायला मला वर्ष लागलं असेल, पण त्याचं सार त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं.

गाडीत रुग्ण वीस-पंचवीस मिनिटं आपला असतो. जे बिघडलंय ते समोर दिसत असतं आणि हाताने काही तरी करायचं असतं. आयसीयूत एकच रुग्ण आपल्याकडे आठ-बारा तास असतो आणि बिघाड हळूहळू येतो. रक्तदाब एकदम कोसळत नाही. दर तासाला थोडा थोडा उतरतो. लघवी तासाला साठ मिलिलिटर असते, मग चाळीस होते, मग वीस. प्रत्येक आकडा सुटा पाहिला तर घाबरण्यासारखा नसतो. चार तासांचे आकडे शेजारी ठेवले की गोष्ट दिसते. म्हणून आयसीयूचा चार्ट हा नुसता कागद नसतो. रुग्ण बोलू शकत नाही, तेव्हा त्याच्या वतीने चार्टच बोलतो.

बाकीचं काम बाहेरून पाहणाऱ्याला किरकोळ वाटेल. दर दोन तासांनी कूस बदलायची, म्हणजे पाठीला बेडसोर होत नाहीत. व्हेंटिलेटरवर असलेल्याचं डोकं निदान तीस अंश वर ठेवायचं आणि तोंड नियमित स्वच्छ करायचं, म्हणजे छातीत जंतू उतरण्याचा धोका कमी होतो. श्वासनलिकेतल्या नळीच्या फुग्याचा दाब मोजायचा. रक्तदाब टिकवणारं औषध पंपातून थेंबाथेंबाने जात असतं, तिथे सिरिंज बदलताना काही सेकंदांचाही खंड पडू द्यायचा नसतो. बेशुद्ध माणसालाही नाव घेऊन सांगायचं, "काका, आता कूस बदलतोय." तो ऐकतोय असं धरूनच चालायचं.

गाडीवर शिकलेलं काही वाया गेलं नाही. श्वासाचा मार्ग अडला की हात आपोआप चालतात. रुग्ण उचलायची सवय असते. घाबरलेल्या नातेवाइकाशी दोन वाक्यांत काय बोलायचं ते माहीत असतं. आणि रुग्णाला एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर सीटी स्कॅनला न्यायचं असलं की माझंच नाव पुढे येतं. नवीन शिकावी लागली ती सावकाशी, औषधांचे हिशेब आणि लिहिण्याची शिस्त.

दोन्ही कामांचं मूळ एकच

अभ्यास करताना एक गोष्ट वाचली आणि मला फार बरं वाटलं. १९५२ मध्ये कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. मुलांचे श्वसनाचे स्नायू निकामी होत होते आणि यंत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्यात छिद्र करून नळी घालायची आणि बाहेरून रबरी पिशवीने हवा द्यायची, असं सुचवलं. पिशव्या दाबायला माणसं हवी होती. सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून बसले आणि आठवडेच्या आठवडे हाताने मुलांना श्वास देत राहिले. श्वास बंद पडलेल्या रुग्णांतले बहुतेक आधी दगावत होते, ते प्रमाण निम्म्याच्या खाली आलं. पुढच्याच वर्षी इब्सेनने गंभीर रुग्णांसाठी वेगळा विभाग उघडला. आजच्या आयसीयूची सुरुवात तिथून धरतात. आपण गाडीत वापरतो ती अंबू बॅगही १९५६ मध्ये डेन्मार्कमध्येच तयार झाली.

दुसरं नाव पीटर साफर यांचं. अमेरिकेत बाल्टिमोरला १९५८ मध्ये त्यांनी आयसीयू उभारला. १९६६ मध्ये त्यांची मुलगी दम्याच्या झटक्याने गेली. त्यानंतर १९६७ मध्ये त्यांनी पिट्सबर्गच्या गरीब वस्तीतल्या कृष्णवर्णीय तरुणांना शिकवून 'फ्रीडम हाउस' नावाची अ‍ॅम्ब्युलन्स सेवा उभी केली. पॅरामेडिकच्या कामाचा पाया तिथे घातला गेला. म्हणजे आयसीयू आणि पॅरामेडिक या दोन गोष्टींवर एकाच माणसाचा हात फिरलेला आहे. दाराच्या आत कितीही चांगली व्यवस्था असली तरी माणूस दारापर्यंत जिवंत पोचायला हवा, हे त्यांना कळलं होतं.

जे घडलं नाही, त्याची नोंद

आपल्या जवळचं उदाहरण मुंबईचं आहे. परळच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथेच हल्ला झाला आणि त्या कधीच पूर्ण शुद्धीवर आल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्यांचं निधन झालं. मधली जवळजवळ ४२ वर्षं केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. एक पिढी निवृत्त झाली, दुसरी आली, तरी काम थांबलं नाही. २०११ मध्ये त्यांच्या प्रकरणात इच्छामरणाच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. इतकी वर्षं अंथरुणाला खिळूनही त्यांना बेडसोर झाला नाही, याची नोंद त्या निकालात आहे.

न्यायालयाचे कायदेशीर मुद्दे मी वाचले, पण माझ्या मनात राहिलं ते हे. नर्सिंगचं यश बहुतेक वेळा असंच असतं. जखम झाली नाही, संसर्ग झाला नाही, नळी निघाली नाही. जे घडलं नाही त्याचा फोटो काढता येत नाही, पेपरात बातमी येत नाही. ज्याला टाळ्यांची सवय आहे त्याने या कामात येताना हे आधी समजून घ्यावं.

शेवट कळतो तेव्हा

मी आयसीयूत आलो ते रुग्णाचा शेवट कळावा म्हणून. २०२१ च्या एप्रिलमध्ये तो इतका कळला की पुरे झालं. इंदूरात खाटांसाठी रांगा होत्या, ऑक्सिजनची ओढाताण होती. नातेवाइकांना आत सोडता येत नव्हतं. आम्ही किटच्या आतून मोबाइल धरायचो आणि बाहेरचा मुलगा आतल्या बाबांशी बोलायचा. काही वेळा दुसऱ्या दिवशी त्याच मुलाला फोन लावायला माझाच हात असायचा. घरी आल्यावर आई ताट वाढायची आणि काही विचारायची नाही. त्या दोन महिन्यांत आमच्या घरात मला कुणीही नर्स या शब्दावरून काही म्हटलं नाही, आणि त्यानंतरही नाही.

पण चांगले शेवटही कळतात. तीन आठवडे व्हेंटिलेटरवर राहिलेली एक शिक्षिका सहा महिन्यांनी चालत पेढे घेऊन आली. तिला आमच्यापैकी कुणाचाच चेहरा आठवत नव्हता. आवाज मात्र ओळखीचा वाटला, असं म्हणाली.

इंदूरकरांना एका गोष्टीचा अभिमान आहे, ती म्हणजे ग्रीन कॉरिडॉर. ऑक्टोबर २०१५ मध्ये शहरात पहिल्यांदा अवयवांसाठी रस्ता मोकळा केला गेला आणि इथलं यकृत विमानाने गुरुग्रामला गेलं. त्यानंतर हे अनेकदा झालं. विमानतळाकडे धावणारी गाडी आणि सिग्नलवर थांबलेले लोक आपण बातमीत पाहतो. त्या काही मिनिटांच्या आधी आयसीयूत पूर्ण रात्र गेलेली असते. मेंदू मृत झाल्यावर रक्तदाब, शरीराचं तापमान, सोडियम, लघवी सगळं सैरभैर होतं. ते अवयव दुसऱ्याच्या उपयोगी पडावेत म्हणून तासातासाला सावरत राहावं लागतं, आणि त्याच वेळी बाहेर बसलेल्या घरच्यांना एखादा प्याला पाणीही विचारावं लागतं. माझी दोन्ही कामं मला इथे एकत्र दिसतात. आत सांभाळणारा नसेल तर बाहेरच्या मोकळ्या रस्त्याचा उपयोग नाही, आणि रस्ता मोकळा नसेल तर आतली रात्र वाया.

ज्यांना यायचं आहे त्यांच्यासाठी

बारावी कुठल्याही शाखेतून झाली असेल आणि इंग्रजी विषय असेल तर तीन वर्षांचं जीएनएम करता येतं. जीवशास्त्र घेतलेल्यांना चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग आहे. पुढे परदेशी जायचं किंवा उच्च शिक्षण घ्यायचं मनात असेल तर शक्यतो बी.एस्सी.च करावं. जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं. क्रिटिकल केअरसाठी एक वर्षाची पोस्ट बेसिक पदविका आहे, आणि बी.एस्सी. झालेल्यांसाठी दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रमही आहे. मुलांनी एक गोष्ट आधीच लक्षात ठेवावी. एम्समध्ये नर्सिंग ऑफिसरच्या जागा ऐंशी टक्के स्त्रियांसाठी आणि वीस टक्के पुरुषांसाठी असतात.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे कॉलेज तपासून घ्या. आपल्या राज्यातल्या नर्सिंग कॉलेजांची उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआय चौकशी झाली, आणि अनेक कॉलेजं निकषांत बसत नसल्याचं उघड झालं. यात मुलांच्या परीक्षा वर्षानुवर्षं लांबल्या. इमारत पाहून प्रवेश घेऊ नका. त्या वर्षाची मान्यता आहे का, आणि विद्यार्थी प्रत्यक्ष कुठल्या रुग्णालयात, किती खाटांवर शिकतात, हे विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर परत फिरा.

आणि आधी गाडीवर जावं का, असं कुणी विचारलं तर मी म्हणतो, आवड असेल तर जरूर जा, पण त्याने नर्सिंगचं वर्ष वाचेल असं समजू नका. वाचणार नाही. तिथे मिळेल ते एवढंच की, आयसीयूच्या बेडवर आलेला माणूस काही तासांपूर्वी रस्त्यावर, शेतात किंवा स्वयंपाकघरात पडलेला होता, हे तुम्ही कधी विसरणार नाही.

बाकीच्या वाचकांसाठी दोनच गोष्टी. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या औषधांची यादी एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा. गाडीतल्या माणसाला आणि आयसीयूतल्या माणसाला, दोघांनाही पहिल्यांदा तीच हवी असते. आणि आपलं कुणी आयसीयूत असेल तर डॉक्टरांना विचारता तसं एकदा नर्सलाही विचारा की रात्र कशी गेली. उत्तर नीट मिळेल, कारण ती पूर्ण रात्र तिने किंवा त्याने तिथेच उभं राहून काढलेली असते.